शोकेसमधली आनंदी

११ मे १९६९, रविवार

आज आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. दरवर्षीप्रमाणे आनंदीला स्टुडिओत नेऊन तिचा फोटो काढला. पानशेतच्या पुरात घर गेलं, त्यात लग्नाच्या अल्बमसकट सगळे जुने फोटो वाहून गेले. तेव्हापासूनचा हा नेम आहे. बासष्ट सालापासून आजचा धरून आठ फोटो झाले. फोटो काढला की स्टुडिओचे मालक गोपाळकृष्णराव तो वर्षभर रस्त्यावरच्या शोकेसमध्ये लावतात. मी त्यांचा रिटचर. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यात देवाकडून जे कमीजास्त झालं असेल, ते निगेटिव्हवर निस्तरणारा माणूस. पेन्सिलीनं सुरकुत्या भरायच्या, सुरीनं नको ते खरवडून टाकायचं. वीस वर्षं हेच चाललंय.

कच्चा प्रिंट ट्रेमध्ये टाकला. लाल दिव्याखाली आधी केस आले, मग पातळाचा काठ, मग कुंकू आणि सगळ्यात शेवटी चेहरा. मी दचकलो. दुसऱ्याच कुणाची फिल्म चुकून हाती लागली की काय असं वाटलं. भुवयांच्या वर हाडाची पट्टी, नाक जाड, जबडा पुढे आलेला. ती बाई आनंदीचं पातळ नेसून, आनंदीसारखीच मान जराशी कलती करून माझ्याकडे बघत होती. प्रिंट उजेडात नेला तेव्हा ती आनंदीच निघाली. दमलेली दिसत होती इतकंच.

प्रिंट फाडला आणि निगेटिव्ह काचेवर घेऊन बसलो. सदुसष्ट साली जबड्याची नुसती कड घासली होती. गेल्या वर्षी अर्धा तास लागला. आज अडीच तास. मागचा पडदा काळा असल्यामुळे बरं पडतं, खरवडलेलं अंधारात मिसळून जातं. शेवटी आनंदी आनंदीसारखी झाली. गोपाळकृष्णराव म्हणाले, "वहिनी एका दिवसानंही मोठ्या झालेल्या नाहीत, यज्ञेश्वरराव. आपण मात्र दोघांच्या वाटचे म्हातारे झालात."

काम करताना दत्तोबांची आठवण आली. सुरी धरायला मला त्यांनी शिकवलं. ते एक विचित्र सांगायचे. जिवंत माणसाच्या फोटोतून सगळं काढू नये, एखादा डाग, एखादी सुरकुती ठेवावी. सगळं काढलं तर ते काढलेलं आपला मालक शोधत जातं. आम्ही पोरं हसायचो. ते स्वतः प्रत्येक चेहऱ्यावर काहीतरी सोडायचे हे मात्र खरं. मी आज काही सोडलं नाही.

१९ मे

दुपारी आनंदी डबा घेऊन स्टुडिओत आली. एक गिऱ्हाईक बाई शोकेसमधला फोटो बघून तिला म्हणाल्या, "ही तुमची धाकटी बहीण का हो? ठेवण सारखी वाटते."

आनंदी हसली. संध्याकाळी मी घरी आलो तर आरशासमोर उभी होती, दिवासुद्धा लावला नव्हता. "अहो, मी बदलले का हो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आरसा स्वस्तातला आहे. काच लाटांची आहे."

"आणि अंगठी? दोन वर्षं झाली, बोटात जात नाही. चपलेचा नंबरही वाढला."

"पुण्यातल्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच बोटांना सूज येते." एवढं बोलून मी पेपर उघडला. 

३ जून

सकाळी न्हाणीघरात मुंग्या. काळ्या, बारीक, एका रांगेत. पाणी ओतलं तरी तासाभरात परत हजर. आनंदी आंघोळ करून गेली की जास्तच येतात. आमच्याकडे न्हाणीत गोडधोड कशाला सांडणार? भाडेकरूंच्या तक्रारी मालकाला कळवण्यात अर्थ नसतो, त्यामुळे रॉकेलचा बोळा फिरवला.

आनंदी पाणी फार पिते. कालपासून माठ तीनदा भरला. आवाजही घोगरा झालाय. परवा ती स्वयंपाकघरातून हाक मारत होती आणि मी उठून दार उघडायला गेलो. बाहेर कुणीतरी पुरुषमाणूस आलाय असं वाटलं मला.

१२ जून, गुरुवार

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. नळीतलं निळं पाणी दिव्यावर धरलं आणि ते हिरवं, पिवळं करत विटेच्या रंगाचं झालं. मधुमेह. मुंग्यांचा उलगडा झाला. आम्हा दोघांच्याही घराण्यात कुणाला नाही. डॉक्टर म्हणाले, घराण्यात नसलं तरी होतो.

साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद. रोज सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन, ते मीच द्यायचं. सुई उकळून घेतली आणि तिच्या दंडाजवळ नेऊन दोनदा मागे घेतली. निगेटिव्हवर सुरी कधी मागे घेत नाही. आनंदी म्हणाली, "टोचा हो, मी काही फोटो नाही बिघडायला."

घरात पायरीच्या आंब्यांची अर्धी पाटी होती. तिनं ती स्वतःच उचलून शेजारी दिली.

३० जून

इंजेक्शनचं प्रमाण दोनदा वाढवलं, तरी नळी विटेचीच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात चोरून खाणं चालत नाही ना?" मी म्हटलं, बघतो.

लिहायला लाज वाटते पण लिहितो. साखरेच्या डब्यात आतून रिटचिंगच्या पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. गुळाच्या ढेपेवरही खूण केली. चार दिवस पाहिलं, मीही चहा बिनसाखरेचा घेतला. साखर रेघेला चिकटून होती, केसभरही खाली गेली नाही. मग हे गोड येतं कुठून? बाहेरून काही येत नसेल, तर तिच्या आत बसून दुसरंच कुणीतरी खातंय.

आज चहा करताना ती म्हणाली, "रेघ फार बारीक मारलीत. दुसऱ्या कुणाला दिसली नसती." मला कुठे तोंड लपवावं कळेना.

९ जुलै, बुधवार

मोठ्या इस्पितळात गेलो. डॉ. जयसिंग पोकळे, मूळचे धायरीचे, घरी शेती. तिथली बोली त्यांनी सोडलेली नाही. रिपोर्टांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. आनंदीचा हात हातात घेऊन मंडईत भाजी पारखावी तसा उलटसुलट केला, जीभ बघितली, दातांतल्या फटी बघितल्या.

"बाई, चेहरा पहिल्यापासनं असाच हाय का?"

आनंदी माझ्याकडे बघून मग म्हणाली, "मला वाटतं बदललाय. हे म्हणतात नाही. तीनचार वर्षं मी आरशात बघते तर कुणी दुसरीच दिसते, डॉक्टर. मला वाटतं माझंच डोकं फिरलंय."

"कधीकधी साखर हे नुसतं लक्षण असतं," ते मला म्हणाले. "मूळ दुसरीकडं असतं. जुने फोटो असतील तर घेऊन या. दरवर्षीचे मिळाले तर लई बरं."

दरवर्षीचे! अख्ख्या पुण्यात असा नवरा त्यांना दुसरा सापडला नसता. उद्या घरच्या आठही प्रती नेतो.

१० जुलै

डॉक्टरांनी आठही फोटो टेबलावर रांगेत मांडले. भिंग घेऊन एकेक पाहिला. बराच वेळ गेला. आनंदी शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"न्हाई," ते म्हणाले. "बासष्टचा आणि एकोणसत्तरचा, काडीचा फरक न्हाई. आत्ता जे दिसतंय ते उजेडाचं, वजनाचं, वयाचं असंल. मला वेगळी शंका होती. चेहरा बदललेला असता तर डोक्याचा एक्स-रे काढायला लावला असता." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "फोटो मात्र झकास काढलेत हं."

मी म्हणालो, "धन्यवाद."

तोंडाशी आलं होतं. त्यांनी फोटो मागितले, मी फोटो दिले, त्यात खोटं काय, असं मनाशी म्हटलं. पण आनंदी तिथेच बसली होती. तिच्यादेखत काय सांगणार? की मी दरवर्षी तुझा जबडा कापतो? तिनं फोटोंकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "बघा," ती म्हणाली, "म्हणजे माझंच डोकं."

येताना रिक्षात ती कितीतरी महिन्यांनी गप्पा मारत होती. मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

२१ जुलै

सगळं पुणं रेडिओला कान लावून बसलंय, माणूस चंद्रावर उतरला. त्याच गडबडीत नाशिकहून मेहुणी वासंती आली. तीन वर्षांनी येत होती. दार आनंदीनं उघडलं. मी आतल्या खोलीत होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. वासंती म्हणाली, "नमस्कार. आनंदी आहे का घरात?"

दार पूर्ण उघडल्याचा आवाज आला. मग आनंदी म्हणाली, "आहे. ये आत."

वासंती नंतर रडली, प्रवासाचा शीण, डोळ्यांवर उन्हाची तिरीप, काय काय सांगत राहिली. आनंदीनं तिची समजूत घातली. जेवताना दोघी बहिणी समोरासमोर बसल्या आणि वासंती मान वर करेना.

१४ ऑगस्ट

दत्तोबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. मी सहा वर्षं जे जे खरवडलं, तेच तिच्या अंगावर परत येत असेल का? नाकाचा शेंडा खरवडला, नाक वाढलं. भुवईचा उंचवटा काढला, तो फुगला. हिशोब तंतोतंत जुळतो. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी आज स्टुडिओत सगळे जेवायला गेल्यावर यंदाची निगेटिव्ह काढली आणि जबड्याची खरवडलेली जागा पेन्सिलीनं परत भरत गेलो. काढलेलं परत द्यायचं. ती बाई हळूहळू काचेवर आली. मी प्रिंट काढला नाही. डबीत घालून डबी सुतळीनं बांधली.

२२ ऑगस्ट

नळी हिरवी. विटेची नाही, हिरवी! आठ दिवस ओळीनं. नेहमीचे डॉक्टर म्हणतात नवं इंजेक्शन लागू पडलं. मी काय सांगणार त्यांना.

२ सप्टेंबर

परत विटेची. पहिल्यापेक्षा गडद.

१६ सप्टेंबर, मंगळवार

खाली चौकात गणपती बसलाय. आज आरतीला आनंदीचा आवाज इतका खर्जात लागला की पुढचे दोघेतिघे वळून बघू लागले, कोण बुवा गातोय म्हणून. पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिनं निरांजन घेऊन ताम्हन उजवीकडे नेलं आणि तिथे उभ्या असलेल्या शेजारच्या जोशीकाकांच्या बाहीला ज्योत लागली. बाही करपली, हात वाचला. आनंदी म्हणाली, तिथे कुणी नव्हतं. ती अगदी शपथेवर सांगत होती.

घरी मी एक करून पाहिलं. ती भाजी चिरत होती, मी तिच्या अगदी डावीकडे जाऊन उभा राहिलो, हातभर अंतरावर. तिनं मान हलवली नाही. स्वतःशी बोलावं तसं ती म्हणाली, "आज उशीर झाला यांना." मी श्वास रोखून उभा होतो. आपण मेलो आहोत आणि घरात नुसतेच वावरतोय असं वाटायला लागलं. शेवटी खाकरलो, तशी विळीवरून तिचं बोट घसरलं.

रक्त धुताना ती म्हणाली, "दोन्ही बाजूंनी कुणीतरी पडदा ओढतंय हो. मधलं तेवढं दिसतं. तुम्हाला सांगणार होते. पण म्हटलं, हेही डोकंच फिरलेलं असेल. फोटो असतो का याचा?"

३ ऑक्टोबर

पंधरा-सतरा दिवस मी पोकळे डॉक्टरांकडे जायचं पुढे ढकलतोय. कारणं सगळी खरी आहेत. गणपतीची गर्दी, गोपाळकृष्णरावांचा ताप, पितृपक्षात नवीन औषध नको असं शेजाऱ्यांचं मत. पण आज ती दाराच्या चौकटीला कपाळ आपटून खाली बसली आणि माझ्याकडे न बघता मला शोधायला लागली. मला भीती वाटते. डॉक्टर फाइलीत ठेवलेले फोटो परत काढतील याचीही भीती वाटते.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज जे झालं ते जमेल तसं लिहितो.

पोकळे डॉक्टरांनी आनंदीला समोर बघायला सांगून बाजूनं बोट आत आत आणलं. बोट नाकासमोर आल्यावर ती म्हणाली, "आता दिसलं." डॉक्टरांचा चेहरा उतरला. "डोळ्याच्या मागनं काहीतरी दाबतंय," ते म्हणाले. "जुलैत मला हीच शंका होती. मेंदूच्या तळाशी एक एवढीशी ग्रंथी असते. ती वाढली की हाडं वाढतात, हात, पाय, चेहरा. साखर त्याच्यातनंच येते. इन्शुलिन ओता किती बी, वरनं ती ग्रंथी साखर ओततीच हाय. पण तुमचे फोटो! आठ वर्षं चेहरा जसाच्या तसा. फोटो खोटं बोलत न्हाई म्हणून मी थांबलो."

मी म्हणालो, "मी रिटचर आहे."

त्यांना कळलं नाही. मला नीट सांगावं लागलं. सुरीनं काय करतात, पेन्सिलीनं काय करतात, मी काय केलं. आनंदी समोर बसली होती. मी फक्त डॉक्टरांकडे बघत बोललो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइलीतून आठ फोटो काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "किती काढलंत ते आठवतं का? दाखवा काढून."

आठवतं का! डोळे मिटून सांगीन. मी खिशातून पेन्सिल काढली. बासष्टला काही नव्हतं. त्रेसष्टला काही नव्हतं. चौसष्टला नाकाचा शेंडा. पासष्टला भुवयांवरचा उंचवटा, एक सूतभर. सहासष्टला ओठ. मग जबडा, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. प्रत्येक फोटोवर जितकं घेतलं होतं तितकं परत दिलं. वीस मिनिटंही लागली नाहीत. आठ फोटो परत रांगेत लावले तेव्हा ती बाई पायरी पायरीनं चढून वर आल्यासारखी माझ्यासमोर उभी राहिली. तिला एकेक पायरी चढताना मी पाहिलं होतं.

डॉक्टरांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी धरून पाहिला. मग एक्स-रेची चिठ्ठी लिहायला लागले.

आनंदीनं एकेक फोटो उचलून डोळ्यांसमोर, अगदी मधोमध धरला. पासष्टच्या फोटोशी थांबली. "म्हणजे तुम्हाला दिसत होतं," ती म्हणाली. "चार वर्षं. मी वेडी झाले म्हणून मी रडायचे, आणि तुम्हाला दिसत होतं."

मला फार लाज वाटली. याहून दुसरा शब्द मला सापडत नाही. मी तिला कुरूप होऊ दिलं नाही असं मला इतकी वर्षं वाटत आलं, आणि मी तिला फक्त एकटं पाडलं.

११ ऑक्टोबर

एक्स-रेत ग्रंथीची जागा दुप्पट मोठी. पुण्यात हे ऑपरेशन होत नाही, मुंबईला जायचं. दिवाळीच्या आत.

गोपाळकृष्णरावांनी शोकेसमधला फोटो काढून माझ्या हातात दिला. एरवी त्यांना काहीतरी सुचतं.

४ डिसेंबर, गुरुवार

मुंबईहून येऊन चार दिवस झाले. ऑपरेशन होऊन पाच आठवडे. डोक्याला रुमाल बांधलेला असतो, खाली केसांचे खुंट आलेत. आज सकाळी पोकळे डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. निळीची निळीच राहिली. "साखर गेली," ते म्हणाले. "धनी गेला, आता चाकर कशाला थांबतोय." हात थोडे उतरलेत. चेहऱ्याची हाडं आहेत तशीच राहणार. डोळ्यांना बाजूचं दिसत नाही, मधलं दिसतं. ऑपरेशननंतर थोडं परत येईल अशी आशा होती. आलं नाही.

मी औषधं घेऊन परत आलो तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात गाठलं. मीच नजरेचं विचारलं. ते म्हणाले, "खोटं कशाला सांगू? जुलैत काढलं असतं तर नजर राहिली असती. नस तीन महिन्यांत गेली. फोटोंवर थांबलो, ती माझी बी चूक हाय. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगतो."

घरी आलो. तिनं जवळजवळ सहा महिन्यांनी भात लावला होता, थोडासा, डॉक्टरांनी मुठीनं मोजून सांगितलेला. मी पाटावर बसलो. ती माझ्या अगदी समोर बसली. हल्ली समोरच बसते, नाहीतर मी तिला दिसत नाही. ताट वाढताना म्हणाली, "एक विचारू? जुलैतच कळलं असतं तर माझे डोळे वाचले असते का?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रुंद, जड चेहरा, त्यात डोळे तेच. खरं सांगणं माझ्यानं झालं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी विचारलं डॉक्टरांना. काही फरक पडला नसता."

तिनं भातावर वरण घातलं. तूप वाढलं. "मीही विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा."

"मग?"

"मग काही नाही. जेवून घ्या."